एक्क्याण्णव

फर्मागुडीच्या चढावर फियाट किटकिटायची.
तिसऱ्या गिअरला, बरोबर वळणापाशी,
डब्यात चार सुपाऱ्या घालून कोणी हलवावा तशी.
कायतान त्याला नॉकिंग म्हणतो.
हे म्हणायचे, दात वाजताहेत तिचे,
आणि खिशाकडे हात न्यायचे.

पंपावर दोन नळ्या, एक साध्याची, एक पावरची,
लिटरमागे सात-आठ रुपयांचं अंतर.
चवथीला पावर. लग्नाच्या वाढदिवसाला पावर,
मला साडी नाही, तिला पावर.
पोरगा दहावीला एक्क्याण्णव टक्के घेऊन आला
तेव्हा तर टाकी काठोकाठ.
"एक्क्याण्णव म्हणजे साधंच की रे,"
पाटीकडे बोट करून मी म्हटलं.
तीन दिवस बोलला नाही माझ्याशी.

मी वीज खात्यातली. अठ्ठावीस वर्षं
लोकांच्या मीटरचे आकडे वहीत उतरवले.
आकडा मोठा तेवढा बरा,
असं मला कधी वाटलं नाही.

मार्चात हे गेले, किल्ली माझ्याकडे आली,
लाकडी मासोळी लावलेली.
खडपाबांधला कायतानकडे गाडी नेली.
बॉनेट उघडून तो बराच वेळ आत बघत राहिला,
मग हात पुसत म्हणाला,
"बाय, हिका म्हारगाचें नाका.
हिचो दाब उणो, साडेसात.
पंचाण्णव घाल, शंभर घाल, हिका कळचें ना.
तांकां सांगिल्लें हांवें. आयकनासले."

पान्याने एक नट ढिला केला,
डिस्ट्रिब्यूटर नखभर फिरवला,
परत आवळला.
सुपाऱ्या बंद.
पैसे घेतले नाहीत.

रात्री कागद घेऊन बसले.
वर्षाला इतक्या टाक्या, गुणिले वीस वर्षं,
गुणिले लिटरमागचं अंतर.
हातचा घेतला आणि पेन ठेवलं.
आयुष्यात पहिल्यांदा बेरीज अर्धी सोडली.

आता दुखणं वेगळंच आहे.
पेट्रोलात स्पिरिट घालतात, शंभरात वीस, उसाचं.
तिच्या नळ्या जुन्या रबराच्या,
फुगतात, मऊ पडतात, दिवाळीला एक फाटलीच.
आणि इथली हवा अशी
की जुलैत बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं.
तशात चार महिने गाडी शेडमध्ये उभी ठेवली
तर टाकी बसल्या जागी हवेतलं पाणी पिते.
कार्बोरेटरची वाटी कायतानने उपडी केली,
तळाचा थेंब बोटावर घेऊन मला दाखवला.

ह्यांना घरात बाटली चालायची नाही.
धाकट्या दिरांचा उर्राक
मी गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे लपवायची.
काजूच्या दिवसांत हे नाक वर करून हिंडायचे,
वास कुठून येतो म्हणत.
आणि त्यांची ही गाडी
आता रोज वीस टक्के प्यालेली.
कायतानला म्हटलं तर
तो हसत हसत टायरवर बसला,
मग हसायचा थांबला,
म्हणाला, नळ्यो बदलुया.

काल चवथीचं सामान आणायला निघाले.
पंपावर सौंदत्तीचा बसवणेप्पा,
मिशी नुकतीच फुटलेली,
"अज्जी, साधं की पावर?"
"साधं. दहा लिटर."
तो झाकण लावायला वाकला तेव्हा म्हटलं,
"थांब. वर एक लिटर त्यातलं घाल."
"एकच?"
"एकच."
काही होत नाही त्याने, मला माहीत आहे.
मशीनवर आकडे पळत होते,
मी दुसरीकडे पाहिलं.

परतताना चढ आला.
तिसऱ्याला गाडी मुकाट वर जात होती, शिकवल्यासारखी.
वळणापाशी मागे कोणी नाही असं बघून
स्टिअरिंगचा दांडा ओढला, मुद्दाम चौथा टाकला.
दम लागला तिला.
वाजले, थोडे वाजले दात.

लगेच तिसरा.